मनोविकारांवरील औषधे : उपयोग, दुष्परिणाम आणि भिलाईचा उन्हाळा

मनोविकारांवरील औषधांबद्दल समाजात दोन टोकांची मते आढळतात. ही औषधे म्हणजे केवळ गुंगी आणणाऱ्या गोळ्या असून त्यांची सवय लागते, असे काहींना वाटते. डॉक्टरांनी एकदा चिठ्ठी लिहून दिली की त्या गोळ्या कोणत्याही परिस्थितीत सारख्याच गुणकारी आणि सारख्याच निर्धोक असतात, असा इतरांचा समज असतो. हे दोन्ही समज अपुरे आहेत. औषध ज्या शरीरात जाते, त्या शरीराला किती उष्णता सोसावी लागते, झोप केव्हा मिळते, पाणी किती प्यायले जाते आणि त्याच वेळी दुसरी कोणती औषधे घेतली जातात, यावर गुण आणि दुष्परिणाम या दोहोंचे प्रमाण बरेचसे अवलंबून असते. छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीत हे सारे घटक एकत्र आलेले दिसतात. त्यामुळे या औषधांचे कार्य समजून घेण्यासाठी हे शहर एक चांगले उदाहरण ठरते.

भट्ट्यांचे शहर

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून कामगार, तंत्रज्ञ आणि अभियंते येथे आले. त्यांत विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांचाही समावेश होता. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या राज्यातच होता आणि मुंबई-हावडा लोहमार्गाने तो नागपूरशी थेट जोडलेला आहे. त्यामुळे हे स्थलांतर स्वाभाविकच होते.

झोतभट्टी एकदा पेटवली की ती वर्षानुवर्षे अखंड चालवावी लागते. म्हणून कारखान्याचे काम दिवसरात्र तीन पाळ्यांत चालते. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वितळलेल्या लोखंडाचे तापमान १,४०० अंश सेल्सिअसच्या वर असते. मे महिन्यात या परिसरातील हवेचे तापमानही अनेकदा ४५ अंशांच्या जवळ जाते. अशा परिस्थितीत काम करणाऱ्या किंवा अशा कामगारांच्या घरात राहणाऱ्या व्यक्तीला मनोविकारावरील औषध सुरू करावे लागले, तर चिठ्ठीवरील मात्रेइतकेच महत्त्व तिच्या दिनक्रमाला द्यावे लागते.

सर्पगंधेपासून सुरुवात

मनोविकारांवरील आधुनिक औषधांचा इतिहास फार जुना नाही आणि त्याच्या आरंभीच्या पानांवर भारताचे नाव आहे. मध्य भारतातील वनांतही आढळणाऱ्या सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीचा वापर आपल्याकडे उन्माद आणि निद्रानाश यांवर पूर्वापार होत असे. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवरील तिच्या गुणांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाची पद्धतशीर माहिती मांडली आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. पुढे अमेरिकेत ते मनोरुग्णांना देण्यात येऊ लागले. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्काराने गौरविण्यात आले.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाने नवे पर्व सुरू केले. १९५२ मध्ये पॅरिसमधील ज्यां दले आणि पिएर देनिकेर यांनी तीव्र मनोविकृतीच्या रुग्णांवर त्याचा यशस्वी प्रयोग केला. त्यापूर्वी, १९४९ मध्ये, ऑस्ट्रेलियाचे जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम या क्षाराचा गुण दाखवून दिला होता. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडचे रोलांड कून यांनी इमिप्रामिन हे औषध नैराश्य कमी करते असे दाखविले. जेमतेम एका दशकात घडलेल्या या घटनांमुळे ज्या रुग्णांना आयुष्यभर मनोरुग्णालयात राहावे लागले असते, त्यांच्यापैकी अनेकांना घरी परतणे शक्य झाले.

रेसर्पिन मात्र फार काळ टिकले नाही. त्याने रक्तदाब एकदम खाली जाई आणि काही रुग्णांमध्ये नैराश्याची लक्षणे दिसल्याचे नोंदविले गेले. गुण आणि दुष्परिणाम यांची तुलना करूनच औषध निवडायचे असते, हा धडा या क्षेत्राने अशा प्रकारे अगदी आरंभीच घेतला.

औषधांचे प्रमुख गट

मेंदूतील पेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी काही रासायनिक द्रव्यांचा वापर करतात. डोपामिन, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही त्यांतील प्रमुख होत. मनोविकारांवरील बहुतेक औषधे या द्रव्यांच्या कार्यात बदल घडवून आणतात. हीच द्रव्ये मेंदूच्या इतर भागांत आणि शरीरातही वेगवेगळी कामे करीत असल्याने दुष्परिणाम उद्भवतात.

पहिला गट मनोविकृतीरोधक औषधांचा आहे. छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया, तीव्र उन्माद, तसेच भास आणि भ्रम यांवर ती दिली जातात. हॅलोपेरिडॉल आणि क्लोरप्रोमाझिन ही यांतील जुनी, तर रिस्पेरिडोन, ओलान्झापिन आणि क्वेटियापिन ही नंतरची औषधे आहेत. जुन्या औषधांमुळे स्नायू ताठरणे, हात थरथरणे, लाळ गळणे आणि चालणे मंदावणे असे त्रास अधिक प्रमाणात होतात. काहींना एका जागी बसवत नाही, सतत येरझाऱ्या घालाव्याशा वाटतात. ही अस्वस्थता औषधामुळे आली आहे हे लक्षात आले नाही, तर आजार बळावला असे समजून मात्रा वाढविली जाण्याचा धोका असतो. दीर्घकाळ औषध घेतलेल्या काही रुग्णांमध्ये ओठ, जीभ आणि जबडा यांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात व त्या कायम राहू शकतात. नंतरच्या औषधांपैकी, विशेषतः ओलान्झापिनमुळे, वजन, रक्तातील साखर आणि चरबी वाढते. क्लोझापिन हे औषध इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना उपयोगी पडते. मात्र त्याने क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. त्यामुळे सुरुवातीच्या काही महिन्यांत दर आठवड्याला रक्ततपासणी करावी लागते.

दुसरा गट नैराश्यरोधक औषधांचा आहे. नैराश्याखेरीज चिंताविकार, भयगंड आणि मंत्रचळ यांवरही ती वापरली जातात. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन आणि एस्सिटॅलोप्राम ही आज सर्वाधिक वापरात असलेली नावे आहेत. मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल आणि घाम वाढणे हे त्रास सुरुवातीला जाणवतात व त्यांपैकी बरेचसे काही दिवसांत कमी होतात. लैंगिक इच्छा किंवा क्षमता घटणे हा दुष्परिणाम मात्र टिकून राहू शकतो. संकोचामुळे तो सांगितला जात नाही आणि अनेकदा त्याच कारणाने औषध सोडले जाते. डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा किंवा औषध बदलून त्यावर मार्ग काढता येतो. वृद्धांमध्ये या औषधांमुळे रक्तातील सोडियम घटून गोंधळल्यासारखी अवस्था होऊ शकते. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांनी तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, लघवी अडणे आणि दृष्टी धूसर होणे असे त्रास होतात. त्यांची जादा मात्रा हृदयाला घातक ठरते.

तिसरा गट मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांचा आहे. उन्माद आणि नैराश्य यांच्या आळीपाळीने येणाऱ्या आवर्तनांवर, म्हणजे द्विध्रुवी विकारावर, ती दिली जातात. लिथियम, व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिन ही त्यांतील मुख्य औषधे होत. लिथियमने आत्महत्येचा धोका कमी होतो, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. मात्र त्याची उपयुक्त आणि घातक मात्रा यांतील अंतर अगदी थोडे असते. गर्भवतीने व्हॅल्प्रोएट घेतल्यास सुमारे दहांपैकी एका बालकात जन्मजात व्यंग आढळते. मुलांच्या बौद्धिक वाढीवरही त्याचा परिणाम होतो. म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ते शक्यतो देऊ नये असा संकेत आहे. कार्बामाझेपिनमुळे काहींच्या अंगावर गंभीर स्वरूपाचे पुरळ उठते. तसे दिसताच डॉक्टरांना गाठणे आवश्यक असते.

चौथा गट चिंता कमी करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या औषधांचा आहे. डायझेपाम, अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम ही नावे अनेकांना परिचित आहेत. या औषधांनी लगेच बरे वाटते आणि त्यांचा धोकाही त्यातच आहे. काही आठवड्यांहून अधिक काळ नियमित घेतल्यास शरीराला त्यांची सवय लागते. मनोविकारांवरील सर्वच औषधांचे व्यसन लागते हा समज प्रामुख्याने या एका गटावरून पसरला आहे. नैराश्यरोधक आणि मनोविकृतीरोधक औषधांच्या बाबतीत अशी ओढ निर्माण होत नाही. दारूसोबत या गोळ्या घेतल्यास श्वसन मंदावून जिवाला धोका होऊ शकतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि झोलपिडेम यांचा समावेश ‘एच-१’ अनुसूचीत असल्याने औषधविक्रेत्याने चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवावी, असा नियम २०१४ पासून लागू आहे.

उष्णता आणि औषध

शरीराचे तापमान नियंत्रित करण्याचे काम मेंदूतील अधश्चेतक हा भाग करतो. तापमान वाढले की त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो, घाम सुटतो आणि तहान लागते. मनोविकृतीरोधक औषधे या यंत्रणेत अडथळा आणू शकतात. आपल्याला उकडते आहे किंवा तहान लागली आहे, ही जाणीवही काही रुग्णांमध्ये मंदावते.

यात आणखी एका गोळीची भर पडते. स्नायूंचा ताठरपणा कमी करण्यासाठी भारतात ट्रायहेक्सिफेनिडिल हे औषध मनोविकृतीरोधक औषधाबरोबर फार मोठ्या प्रमाणावर दिले जाते. त्याने घामाचे प्रमाण घटते. थंड हवेत हा परिणाम फारसा जाणवत नाही. मात्र भिलाईच्या मे महिन्यात घाम हाच शरीर थंड ठेवण्याचा मुख्य उपाय असतो. अशा वेळी त्वचा कोरडी आणि गरम लागत असेल, रुग्ण बरळू लागला असेल, तर तो उष्माघात समजून त्याला तातडीने सावलीत नेणे, अंग ओले करून वारा घालणे आणि रुग्णालयात पोहोचविणे आवश्यक आहे. ताठरपणाचा त्रास उरलेला नसतानाही ही दुसरी गोळी वर्षानुवर्षे चालू राहिली असेल, तर ती कमी करता येईल का, हे उन्हाळ्यापूर्वीच डॉक्टरांना विचारणे हिताचे ठरते.

हा धोका किती गंभीर असू शकतो, याचा प्रत्यय २०२१ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आला. तेथील उष्णतेच्या लाटेत सहाशेहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या अभ्यासात स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींमध्ये मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असल्याचे आढळले. यामागे आजार, एकाकीपणा आणि औषधे अशी अनेक कारणे एकत्र असू शकतात. मात्र जेथे उन्हाळा दरवर्षी ठरलेला आहे, तेथे या निष्कर्षाची दखल घेणे भाग आहे.

मनोविकृतीरोधक औषधांचा एक दुर्मीळ पण घातक दुष्परिणाम असा आहे की, त्यात तीव्र ताप येतो, सर्व अंग लाकडासारखे ताठ होते आणि शुद्ध हरपू लागते. छत्तीसगडमध्ये आणि विदर्भात उन्हाळ्यातील अशा तापाला सहज ‘लू लागली’ असे म्हटले जाते आणि घरगुती उपाय सुरू होतात. औषध घेणाऱ्या रुग्णाला तापाबरोबर ताठरपणा आला असेल, तर औषध थांबवून त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे आणि कोणती औषधे चालू आहेत ते तेथील डॉक्टरांना सांगावे. ही माहिती न मिळाल्यास निदान चुकण्याची शक्यता असते.

लिथियम, मीठ आणि पाणी

उन्हाळ्यात सर्वाधिक जपावे लागते ते लिथियम घेणाऱ्या रुग्णांना. रक्तातील लिथियमचे प्रमाण साधारणपणे प्रतिलिटर ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट इतके ठेवले जाते. ते १.५ च्या वर गेल्यास विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. लिथियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंड करते. मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम यांत फारसा फरक करता येत नाही. घाम, जुलाब किंवा उलट्या यांमुळे शरीरातील पाणी आणि सोडियम घटले, की मूत्रपिंड सोडियम राखून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही शरीरात साठते. गोळ्या तेवढ्याच घेतल्या तरी रक्तातील प्रमाण वाढू शकते.

हात जोराने थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे, बोलणे अडखळणे आणि गोंधळल्यासारखे होणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. तोल जाणारी आणि अडखळत बोलणारी व्यक्ती पाहून तिने मद्यपान केले आहे, असा गैरसमज होणे सहज शक्य असते. कामाच्या ठिकाणी किंवा रस्त्यावर असा समज झाला, तर उपचाराचे मोलाचे तास वाया जातात. लिथियम घेणाऱ्या व्यक्तीने त्याची नोंद असलेली चिठ्ठी खिशात बाळगणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

भट्टीजवळ काम करणाऱ्यांना पाठदुखी, गुडघेदुखी नवी नसते. त्यासाठी दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. या गोळ्यांमुळे रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढते. रक्तदाबावरील काही औषधांचाही असाच परिणाम होतो. लिथियम घेणाऱ्यांनी दुखण्यावर कोणती गोळी घ्यावी हे आधी विचारून ठेवावे. सामान्यतः पॅरासिटामॉल हा तुलनेने सुरक्षित पर्याय समजला जातो. रक्तदाब आहे म्हणून मीठ एकाएकी बंद करणेही या रुग्णांच्या बाबतीत धोक्याचे असते. नियमित पाणी, ताक, लिंबूपाणी आणि रोजचे नेहमीचे मीठ हा साधा नियम पाळावा. रक्तातील लिथियमची तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी केली जाते. उन्हाळा सुरू होताना ही तपासणी करून घेणे आणि मूत्रपिंड व थायरॉईड ग्रंथी यांच्या चाचण्या साधारणपणे दर सहा महिन्यांनी करणे आवश्यक असते.

रात्रपाळीचा प्रश्न

औषधाच्या चिठ्ठीवर ‘रात्री एक गोळी’ असे लिहिलेले असते. दिवसा काम करणाऱ्याला त्याचा अर्थ सरळ असतो. मात्र ज्याची पाळी रात्रीची आहे, त्याने ती गोळी नेमकी केव्हा घ्यायची? सूचनेचा शब्दशः अर्थ घेऊन गुंगी आणणारी गोळी घेतलेला कामगार क्रेन चालवू लागला किंवा तप्त धातूजवळ उभा राहिला, तर अपघात होऊ शकतो. दुसरीकडे पाळी बदलेल तशी गोळीची वेळ स्वतःच बदलत राहिल्यास एखाद्या दिवशी दोन मात्रांमधील अंतर फार कमी, तर एखाद्या दिवशी फार जास्त होते. म्हणून कामाच्या पाळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांना दाखवून प्रत्येक पाळीसाठी गोळीची वेळ ठरवून घेणे हाच योग्य मार्ग आहे. दिवसातून एकदा घ्यावयाची किंवा गुंगी कमी आणणारी औषधे निवडण्याचा पर्यायही अनेकदा उपलब्ध असतो.

द्विध्रुवी विकारात झोपेचे महत्त्व आणखी वाढते. सलग काही रात्री झोप न मिळाल्यास उन्मादाचे आवर्तन सुरू होऊ शकते. अशा रुग्णाला ठरावीक दिवसपाळी मिळाल्यास औषधाचा गुण टिकण्यास मदत होते. नोकरीवर परिणाम होईल या भीतीने आजार लपविणाऱ्यांची संख्या मोठी आहे. या बाबतीत कायद्याचा आधार आहे. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात मानसिक आजाराचा समावेश असून सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनांनी त्या कारणाने काढून टाकू नये किंवा पदावनत करू नये, असे त्यात म्हटले आहे. सरकारी मालकीच्या कंपन्याही या व्याख्येत येतात. रुग्णाच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने दिला आहे.

विद्यार्थी आणि तरुण रुग्ण

भिलाईची दुसरी ओळख अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीचे केंद्र अशी आहे. २०१६ मध्ये येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचीही स्थापना झाली. परीक्षेच्या ताणातून येणारी चिंता प्रत्येक वेळी औषधाने बरी करावयाची नसते. समुपदेशन, झोपेची शिस्त आणि कुटुंबाचा आधार यांनी सौम्य त्रास बरेचदा आटोक्यात येतो. मात्र मध्यम किंवा तीव्र नैराश्यात औषधाला पर्याय शोधत बसणे घातक ठरू शकते.

नैराश्यरोधक औषधे सुरू केल्यावर काही लहान आणि तरुण रुग्णांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला. २००७ मध्ये तो २४ वर्षे वयापर्यंतच्या रुग्णांसाठी लागू करण्यात आला. या इशाऱ्याचा अर्थ औषध देऊ नये असा नाही. सुरुवातीच्या काळात रुग्णाला एकटे सोडू नये, अस्वस्थता किंवा चिडचिड अचानक वाढल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे आणि गोळ्यांचा साठा घरातील मोठ्या व्यक्तीने आपल्याकडे ठेवावा, असा तो आहे. वसतिगृहात एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही जबाबदारी कोण घेणार, हे पालकांनी आधीच ठरविणे आवश्यक आहे.

औषध मध्येच बंद केल्यास

नैराश्यरोधक औषधांचा गुण दिसण्यास साधारणपणे दोन ते सहा आठवडे लागतात. दुष्परिणाम मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच जाणवू लागतात. त्यामुळे औषधाने त्रासच होतो आणि उपयोग काहीच होत नाही, असे वाटून अनेक जण पहिल्या पंधरवड्यातच ते सोडतात. काही जण बरे वाटू लागताच गोळ्यांची गरज संपली असे समजतात. नैराश्याच्या पहिल्या आजारात पूर्ण बरे वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते.

छिन्नमनस्कतेत औषध सोडण्याचे परिणाम अधिक गंभीर असतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, औषध चालू ठेवलेल्या रुग्णांपैकी सुमारे २७ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात उलटला. औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ६४ टक्के होते.

औषध एकाएकी थांबविल्याने आजार उलटण्याखेरीज इतर त्रासही होतात. नैराश्यरोधक औषध अचानक सोडल्यास चक्कर, मळमळ आणि अंगात विजेचे झटके बसल्यासारख्या संवेदना जाणवू शकतात. अल्प्राझोलामसारखी गोळी दीर्घकाळ घेऊन अचानक बंद केल्यास फिट येण्याचाही धोका असतो. ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच कमी करावी लागतात. उन्हाळ्याच्या भीतीने स्वतःच्या मनाने औषध बंद करणे हे काळजी न घेता ते चालू ठेवण्याइतकेच धोक्याचे आहे.

उपचाराची सोय

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत करण्यात आले. त्यांत छत्तीसगडचाही समावेश होता. विविध मनोविकार असलेल्या ७० ते ९२ टक्के व्यक्तींपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे त्यात आढळले. आजही अनेक कुटुंबे आधी बैगा किंवा मांत्रिकाकडे जातात आणि डॉक्टरांकडे येईपर्यंत बराच काळ लोटलेला असतो.

भिलाईत सेक्टर ९ मधील कारखान्याच्या जवाहरलाल नेहरू चिकित्सालय व संशोधन केंद्रात मानसोपचार विभाग आहे. रायपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतही हे उपचार मिळतात. बिलासपूरजवळ सेंदरी येथे राज्याचे मानसिक रुग्णालय आहे. विदर्भाशी नाते असलेल्या कुटुंबांना नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालयही परिचित आहे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने छत्तीसगड शासनाच्या सहकार्याने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना दूरस्थ पद्धतीने मानसोपचाराचे प्रशिक्षण देण्याचा उपक्रम २०१९ मध्ये हाती घेतला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. ही सेवा मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.

डॉक्टरांना काय सांगावे

मनोविकारावरील औषध सुरू करताना रुग्णाने किंवा नातेवाइकांनी पुढील गोष्टी आपणहून सांगाव्यात. काम उन्हात किंवा भट्टीजवळ आहे का, पाळ्या कशा बदलतात, यंत्र किंवा वाहन चालवावे लागते का, रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे का, दुखण्यावर किंवा झोपेसाठी दुकानातून कोणत्या गोळ्या घेतल्या जातात, मद्यपान किती आहे आणि स्त्री रुग्ण असल्यास गर्भधारणेची शक्यता आहे का. आयुर्वेदिक किंवा अन्य पद्धतीची औषधे चालू असल्यास तीही लपवू नयेत.

डॉक्टरांकडूनही चार गोष्टी जाणून घ्याव्यात : औषधाचा गुण केव्हा दिसू लागेल, कोणते त्रास आपोआप कमी होतील, कोणते लक्षण दिसताच रुग्णालय गाठावे आणि एखादी गोळी चुकल्यास काय करावे. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. मार्चच्या सुमारास, उन्हाचा कडाका वाढण्यापूर्वी, एकदा डॉक्टरांची भेट घेऊन औषधांची मात्रा, रक्ततपासणी आणि पाळ्यांचे वेळापत्रक यांचा आढावा घेतल्यास यांतील बरेचसे धोके वेळीच टाळता येतात.